जुन्या घडणीची नवी गिटार: विदर्भातल्या गावात राहून ती कशी निवडावी, कशी आणावी आणि कशी सांभाळावी

माझी पहिली रीइश्यू गिटार, म्हणजे जुन्या नमुन्यावर नव्याने घडवलेली गिटार, मी मे महिन्यात मागवली आणि समुद्रकाठच्या एका शहरातल्या दुकानातून ती ट्रकने वर्धा जिल्ह्यातल्या आमच्या गावी आली. तीन आठवड्यांत फ्रेटची, म्हणजे मानेवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्यांची, टोके तळहाताला खरवडू लागली आणि ब्रिजच्या, म्हणजे तारा जिथे अडकवतात त्या लाकडी पट्टीच्या, मागून पुढच्या फळीच्या कडेपर्यंत केसाएवढी चीर गेली. दुकानदाराने हमीपत्रातले कलम दाखवले. हवेतल्या ओलाव्याने किंवा कोरडेपणाने झालेले नुकसान हमीत बसत नाही, असे त्यात बारीक अक्षरांत खरोखरच छापलेले होते. गिटार कोणत्या हवेत राहणार आहे हे विकताना त्याने विचारले नव्हते आणि ते सांगावे हे मलाही सुचले नव्हते. आमच्या गावच्या सुताराने मात्र चीर पाहताक्षणी निदान केले: “लाकूड मेलं तरी पानी पेतेच, भाऊ.”

जुन्या घडणीची गिटार घेऊ पाहणाऱ्याने आधी हे वाक्य समजून घ्यावे. अशा गिटारीचा आवाज मोकळा आणि भरदार येतो, कारण तिचे लाकूड पातळ, अस्सल आणि हलक्या बांधणीचे असते. नेमक्या याच कारणाने ती हवेतला ओलावा पटकन पिते आणि तितक्याच पटकन सोडते. आपल्याकडे मे महिन्यातल्या दुपारी पारा ४५ अंशांपर्यंत जातो आणि सापेक्ष आर्द्रता २० टक्क्यांच्याही खाली उतरते, तर श्रावणात तीच आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असते. अस्सल लाकडाच्या गिटारीला ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. त्यामुळे जुन्या काळातले कोणते गुण आपल्या गावी चालतील आणि कोणते नाकारावेत, हे ठरवूनच खरेदीला निघावे.

पहिली पायरी: आपण नेमका कोणता काळ विकत घेत आहोत ते ओळखणे

‘विंटेज’ हा शब्द दुकानात फार सैलपणे वापरला जातो. काही गिटारींत फक्त रूप जुने असते, म्हणजे पिवळसर झाक दिलेली पुढची फळी, उघड्या दातांचे ट्यूनर, म्हणजे तारा पिळायच्या खुंट्या, आणि जुन्या अक्षरांतले बोधचिन्ह एवढेच. आत बांधणी मात्र आजचीच असते. दुसऱ्या प्रकारात आतल्या आधारपट्ट्या, म्हणजे ब्रेसिंग, आणि नेकचा, म्हणजे मानेचा, आकारही जुन्या पद्धतीचा असतो. तिसऱ्या प्रकारात एखाद्या विशिष्ट वर्षाच्या गिटारीची, अगदी सरसापर्यंत, हुबेहूब नक्कल केलेली असते. किंमत याच क्रमाने चढत जाते. कामातली अडचणही त्याच क्रमाने वाढते, हे विक्रेता सहसा सांगत नाही.

थोडा इतिहास माहीत असला की माहितीपत्रक वाचणे सोपे जाते. अमेरिकेतली मार्टिन ही कंपनी १८३३ पासून गिटारी घडवते. आज सर्वत्र दिसणारा मोठ्या अंगाचा ड्रेडनॉट आकार तिने १९१६ मध्ये डिट्सन या विक्रेत्यासाठी पहिल्यांदा बनवला, १९३१ मध्ये स्वतःच्या नावाने विकायला काढला आणि १९३४ पासून तो चौदा फ्रेटच्या नेकसह रूढ झाला. त्या काळात आतल्या पट्ट्या मधे कोरून दरीसारख्या खोलगट केलेल्या असत. याला स्कॅलप्ड ब्रेसिंग म्हणतात. पट्टी हलकी झाल्याने फळी जास्त हलते आणि खर्ज घुमतो. पुढे लोक जाड तारा लावू लागले, फळ्या फुगून दुरुस्तीला येऊ लागल्या, आणि १९४४ च्या अखेरीस कंपनीने पट्ट्या कोरणे बंद केले. डी-२८ या नमुन्याच्या कडेची माशाच्या काट्यासारखी नक्षी, जिला हेरिंगबोन म्हणतात, ती १९४७ मध्ये गेली. कोरलेल्या पट्ट्या आणि ही नक्षी दोन्ही परत आणणारी एचडी-२८ ही गिटार १९७६ मध्ये आली, आणि रीइश्यूच्या आजच्या बाजाराला बरीचशी दिशा तिथून मिळाली.

गिब्सन या दुसऱ्या अमेरिकी कंपनीची जे-४५ ही १९४२ ची. तिचे खांदे उतरते आणि रंग कडेला काळवंडत गेलेला असतो. तिची तार मार्टिनच्या ड्रेडनॉटपेक्षा थोडी आखूड असल्यामुळे, म्हणजे सुमारे ६४५ मिलिमीटरऐवजी ६२८ मिलिमीटर असल्यामुळे, बोटांखाली ती मऊ लागते. यामाहाची एफजी-१८० ही १९६६ ची गिटार आतल्या लाल कागदी पट्टीमुळे ‘रेड लेबल’ म्हणून ओळखली गेली. ती मूळची प्लायची होती, आणि २०१९ मध्ये आलेल्या तिच्या वारसदार एफजी-३ व एफजी-५ मात्र अस्सल लाकडाच्या आहेत, म्हणजे इथे नवी गिटार लाकडाच्या बाबतीत मूळ गिटारीपेक्षा वरचढ आहे. जुने ते सोने हे प्रत्येक वेळी खरे नसते, हे यातून ध्यानात घ्यावे.

लाकडाविषयी एक गोष्ट आपल्या भागातल्या वाचकाला जवळची वाटेल. जुन्या डी-२८ चे मागचे व बाजूचे लाकूड ब्राझिलियन रोझवूड होते, आणि ते मिळेनासे झाल्यावर मार्टिनने १९६९ च्या सुमारास भारतीय रोझवूड वापरायला घेतले. हे भारतीय रोझवूड म्हणजे आपले शिसव, ज्याचे जुने देव्हारे आणि पाळणे अजून कित्येक वाड्यांत आहेत. ब्राझिलियन लाकूड १९९२ पासून आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या सर्वांत कडक यादीत आहे, म्हणून परदेशातला कोणी नातेवाईक तसली जुनी गिटार सामानात घालून आणतो म्हणाला तर त्याला आधी परवान्यांची चौकशी करायला सांगावे. शिसवाच्या तयार वाद्यांना २०१९ च्या अखेरीपासून त्या कागदपत्रांतून सूट आहे. केवळ ब्राझिलियन लाकडाच्या नावाखातर ज्यादा पैसे मोजण्यात मला तरी अर्थ दिसत नाही.

दुसरी पायरी: माहितीपत्रकातल्या पाच ओळी वाचणे

दुकानात पाय ठेवण्यापूर्वी घरी बसून माहितीपत्रक वाचावे. त्यातली सर्वांत महत्त्वाची ओळ ट्रस रॉडची असते. ट्रस रॉड म्हणजे नेकच्या आत बसवलेली, चावीने पिळता येणारी लोखंडी कांब. हवा कोरडी झाली की नेक एका अंगाने वाकते, ओली झाली की दुसऱ्या अंगाने, आणि ही कांब पाव फेरी फिरवून ती पुन्हा ताळ्यावर आणता येते. मार्टिनने अशी फिरवता येणारी कांब १९८५ मध्ये स्वीकारली. त्याआधीच्या नेकमध्ये घट्ट बसवलेली, न फिरणारी कांब असे. त्यामुळे १९३० च्या दशकाची काटेकोर प्रतिकृती घेताना ट्रस रॉड फिरतो की नाही हे विचारावेच, आणि फिरत नसेल तर ती गिटार कितीही मोहवणारी असली तरी विदर्भातल्या खेड्यासाठी घेऊ नये. वर्षातून दोनदा नेक हलणार हे ठरलेले आहे, आणि ती दुरुस्त करायला दर वेळी नागपूर किंवा पुणे गाठणे परवडणारे नाही.

दुसरी ओळ लाकडाची. ‘सॉलिड टॉप’ असे लिहिले असेल तर फक्त पुढची फळी अस्सल, बाकी प्लाय. ‘ऑल सॉलिड’ असेल तरच सगळे अंग अस्सल. इथे माझे मत बहुतेक जाणकारांना रुचणार नाही, पण ज्याच्या घरी गिटार भिंतीवर टांगलेली राहणार आहे आणि जो ती रोज केसमध्ये, म्हणजे गिटारीच्या डब्यात, ठेवायला कंटाळणार आहे, त्याने प्लायच्या मागच्या फळीची गिटार खुशाल घ्यावी. प्लायचे थर एकमेकांना आडवे चिकटवलेले असल्याने ती फारशी आकसत नाही आणि सहसा चिरत नाही. आवाजात थोडी घट येते, ती सोसावी.

तिसरी ओळ टॉरिफाइड टॉपची. यात लाकूड प्राणवायू अगदी कमी ठेवून खूप तापवतात. त्यातली राळ आणि शर्करा बदलतात, लाकूड हलके होते आणि जुन्या गिटारीसारखे वाजते अशी ख्याती आहे. यामाहा याच धर्तीच्या आपल्या पद्धतीला ए.आर.ई. म्हणते. आवाजाच्या दाव्यांवर वाद घालता येईल, परंतु असे लाकूड ओलावा कमी पिते हे आपल्या कामाचे आहे. ते थोडे ठिसूळही होते, म्हणून धक्क्यापासून जपावे लागते.

चौथी ओळ लेपाची आणि सरसाची. जुन्या गिटारींवर नायट्रोसेल्युलोज लॅकरचा पातळ लेप असे. तो सुंदर दिसतो, पण तापमान एकाएकी बदलले की त्यावर जाळीसारख्या भेगा पडतात, रबरी स्टँडचा डाग त्यावर कायमचा उठतो, आणि डास पळवण्याची काही मलमे हाताला लावून गिटार घेतली तर लेप चिकट होऊन निघतो. संध्याकाळी अंगणात वाजवणाऱ्याने याचा विचार आधीच करावा. जनावरांच्या चामड्या-हाडांपासून केलेला जुना सरस काही महागड्या प्रतिकृतींत वापरतात. तो उष्णता आणि ओलावा एकत्र आले की मऊ पडतो. मे महिन्यात उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीत ६० अंशांच्या वर तापमान जाते, आणि तिथे तर साधा आधुनिक डिंकही दगा देऊ शकतो.

पाचवी ओळ नटच्या रुंदीची. नट म्हणजे नेकच्या वरच्या टोकाची खाचांची पट्टी, जिच्यावरून तारा जातात. १९३० च्या दशकातल्या नमुन्यांत नट साधारण ४४.५ मिलिमीटर आणि नेक पाठीमागून व्ही आकाराची असते; १९६० नंतरच्या बऱ्याच नमुन्यांत नट ४३ किंवा त्याहूनही अरुंद. वखर-डवऱ्याने रुंद झालेल्या बोटांना पहिला प्रकार सोयीचा पडतो, असा माझा आणि माझ्या दोन चुलतभावांचा अनुभव आहे.

तिसरी पायरी: हंगाम साधणे

गिटार मागवण्याचा किंवा आणण्याचा योग्य काळ दिवाळीनंतर सुरू होतो आणि माघापर्यंत चालतो. पाऊस गेलेला असतो, उन्हाळा लागलेला नसतो, आर्द्रता मधल्या पट्टीत असते आणि ट्रकचा डबा भट्टीसारखा तापत नाही. कापसाचे पैसेही याच दिवसांत हाती येतात, हा योगायोग सोयीचाच म्हणावा. अमेरिकेत घडलेल्या प्रतिकृतींची किंमत लाखांत जाते, आणि आशियात घडलेल्या एपिफोन किंवा यामाहाच्या गिटारी त्याहून बऱ्याच खाली मिळतात. उन्हाळ्यात सवलत दिसली तर पैसे भरून ठेवावेत, पण पाठवणी पुढे ढकलण्याची विनंती लेखी करावी. चांगला दुकानदार ती मान्य करतो.

चौथी पायरी: दुकानातला एक तास

शक्य असेल तर नागपूर, पुणे किंवा मुंबईला जाऊन गिटार स्वतः हाताळावी. सोबत एक पोलादी पट्टी, तारांची उंची मोजायची छोटी मोजपट्टी आणि टॉर्च असलेला मोबाइल घ्यावा. आधी सूर दाखवणाऱ्या ट्यूनर यंत्राने तारा सुरात लावून घ्याव्यात, कारण ढिल्या तारांवर केलेले कोणतेही मोजमाप खोटे असते. साध्या, हलक्या संचाच्या तारा सुरात असताना गिटारीवर एकूण ७० किलोंहून जास्त ताण असतो, म्हणजे जवळजवळ सिमेंटच्या दीड पोत्याचा भार ती पातळ फळी चोवीस तास पेलते.

मग नेक पाहावी. पहिल्या फ्रेटवर आणि चौदाव्या फ्रेटवर एकच जाड तार दाबून धरली की मधे, सातव्या फ्रेटपाशी, तारेखाली कागदाएवढी फट दिसायला हवी. फट अजिबात नसेल किंवा नखाएवढी असेल तर ट्रस रॉड फिरवून घ्यावा आणि तो खरोखर फिरतो हेही त्याच वेळी समजते. बाराव्या फ्रेटवर जाड तारेची उंची अडीच मिलिमीटरच्या आसपास आणि बारीक तारेची पावणेदोनच्या आसपास असावी. यालाच ॲक्शन म्हणतात.

नेकचा कोन हा त्याहून मोठा प्रश्न आहे, आणि इथे घाई करू नये. पोलादी पट्टी फ्रेटवर उभी ठेवून ब्रिजच्या दिशेने सरकवली तर ती ब्रिजच्या माथ्याला लागावी. माथ्याच्या खाली जाऊन ब्रिजच्या अंगाला अडखळत असेल, तर नेक पुढे झुकलेली आहे. ब्रिजवर बसवलेली हाडाची सॅडल निदान तीन मिलिमीटर वर दिसत असावी, कारण पुढे ॲक्शन खाली आणायची झाली तर तीच घासून कमी करतात. नव्या गिटारीची सॅडल आधीच बुटकी झालेली असेल, तर कोणीतरी नेकचा दोष झाकला आहे असे समजून गिटार परत ठेवावी.

यानंतर पुढची फळी तिरप्या उजेडात पाहावी. ब्रिजच्या मागे थोडा फुगवटा असणे साहजिक आहे. कोरलेल्या पट्ट्यांच्या गिटारीत तो थोडा जास्तही दिसतो. फळी आत खचलेली दिसत असेल तर गिटार कोरड्या हवेत राहिलेली आहे, आणि फ्रेटची टोके बोटाला बोचत असतील तर तीच शंका पक्की होते. ब्रिजच्या मागच्या कडेखाली कागद सरकवून पाहावा. तो आत गेला तर ब्रिज सुटू लागला आहे. मोबाइलचा कॅमेरा आणि टॉर्च साउंडहोलमधून, म्हणजे पुढच्या फळीतल्या गोल भोकातून, आत घालून पट्ट्यांचे फोटो काढावेत. पट्ट्या कोरलेल्या आहेत की सरळ, कुठे सरस सुटला आहे का, हे त्यात स्पष्ट दिसते. साउंडहोलच्या कापलेल्या कडेवर लाकडाच्या रेघा वरून खालपर्यंत सलग उतरत असतील तर फळी अस्सल, आणि थर दिसत असतील तर प्लाय.

आवाज शेवटी ऐकावा. आधी ऐकला की मन गुंतते आणि पट्टी पिशवीतच राहते. दुकानातल्या माणसाला वाजवायला लावून आपण समोर पाच-सहा फुटांवर बसावे, कारण गिटारीचा आवाज वाजवणाऱ्याच्या कानाशी आणि ऐकणाऱ्याच्या कानाशी एकसारखा येत नाही. भजनात साथ करायची असेल तर खंजिरी आणि पेटीच्या गजरात कोरलेल्या पट्ट्यांचा घुमणारा खर्ज हरवतो आणि महोगनी अंगाची, कोरडा व नेटका आवाज देणारी गिटार जास्त उपयोगी पडते. एकट्याने गाण्याला शिसवी अंग बरे.

जुनी वापरलेली रीइश्यू घेणार असाल तर हे सगळे करावेच, आणि त्याखेरीज क्रमांक जुळवावा. मार्टिनचा नमुना व क्रमांक साउंडहोलमधून दिसणाऱ्या आतल्या नेक ब्लॉकवर, म्हणजे नेक ज्यात बसते त्या ठोकळ्यावर, ठोकलेला असतो. बनावट मार्टिन आणि गिब्सन बाजारात आहेत. मूळ पावती आणि केस नसेल तर अर्ध्या किमतीचाही मोह धरू नये.

पाचवी पायरी: गावी आणणे

हार्ड केसशिवाय अशी गिटार घेऊ नये. एसटीने यायचे असेल तर केस टपावर किंवा डिकीत टाकू नये, आपल्या दोन पायांमधे उभी धरावी. रेल्वेने वर्ध्याला किंवा बडनेऱ्याला उतरायचे असेल तर वरच्या बर्थवर आडवी ठेवता येते. कुरिअरने येणार असेल तर खोके उघडतानाचा सलग व्हिडिओ काढावा, पण आल्या आल्या खोके उघडू नये. बाहेरच्या आणि घरातल्या हवेत फरक असतो, म्हणून बंद खोके रात्रभर घरात राहू द्यावे आणि सकाळी उघडावे. नायट्रो लेपाच्या गिटारीला तर हे पथ्य पाळलेच पाहिजे. पहिले पंधरा दिवस ट्रस रॉडला हात लावू नये. लाकूड नव्या हवेला रुळले की मगच ॲक्शन मोजावी.

सहावी पायरी: कूलर, केस आणि मिठाची बाटली

आपल्याकडच्या उन्हाळ्यात फक्त कोरडेपणा असता तर उपाय सोपा होता. अडचण कूलरची आहे. दुपारी बंद खोलीत कूलर चालू असतो तेव्हा खोलीतली आर्द्रता ६०-७० टक्क्यांवर चढते, वीज गेली की दोन तासांत ती पुन्हा कोसळते, आणि दिवसातून तीनदा हा हेलकावा खाणारी फळी एकसारख्या कोरड्या हवेतल्या फळीपेक्षा लवकर थकते. माझ्या गिटारीला चीर गेली ती कूलरच्या झोतासमोरच्या खुंटीवर. तेव्हा मार्च ते जून गिटार केसमध्येच राहिली पाहिजे. वाजवून झाली की पुन्हा केसमध्ये, कूलर असलेल्या खोलीत नाही तर मातीच्या भिंतींच्या आतल्या खोलीत, पलंगाखाली.

केसमध्ये काही शे रुपयांचा डिजिटल आर्द्रतामापक ठेवावा. असे मापक दहा टक्क्यांनीही चुकते, म्हणून आधी त्याची परीक्षा घ्यावी. बाटलीच्या झाकणात मीठ घेऊन ते ओल्या रेतीइतके भिजवावे, झाकण आणि मापक हवाबंद प्लास्टिकच्या पिशवीत रात्रभर ठेवावे. मिठावरची हवा ७५ टक्क्यांवर स्थिर होते. मापक ७० दाखवत असेल तर ते पाच टक्के कमी सांगते, एवढे चिठ्ठीवर लिहून त्याला चिकटवावे. ओलावा द्यायला तयार पुड्या मिळतात, ज्या गरजेप्रमाणे ओलावा देतात आणि घेतातही. त्या गावात मिळत नसतील तर भोके पाडलेल्या साबणदाणीत ओला करून घट्ट पिळलेला स्पंज ठेवून ती केसमध्ये नेकच्या टोकापाशी ठेवावी, आणि दर तिसऱ्या दिवशी स्पंज भिजवावा. त्यातून एक थेंबही गळता कामा नये.

पावसाळ्यात उलटे करावे. साबणदाणी काढून सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात आणि केस उघडी टाकू नये. त्या दिवसांत फळी फुगते, तारा वर चढतात आणि गिटार बसकी वाजते; म्हणून लगेच सॅडल घासू नये, कारण दिवाळीनंतर फळी उतरली की त्याच तारा फ्रेटवर घासून आवाज करतील. ज्यांना पावसाळ्यातली ॲक्शन फारच जाचते त्यांनी दोन सॅडल करवून ठेवाव्यात, एक उन्हाळी आणि एक पावसाळी, आणि तारा बदलताना त्या आलटून पालटून बसवाव्यात. कोरलेल्या पट्ट्यांच्या गिटारीला वर्षभर हलक्याच तारा लावाव्यात.

चीर पडलीच तर तिच्यात फेविकॉल भरू नये. माझी गिटार दुरुस्त करणाऱ्याने आधी तीन आठवडे ती ओल्या स्पंजासह बंद केसमध्ये ठेवायला लावली. त्या काळात लाकूड फुगून चीर आपोआप मिटली, मग त्याने पातळ डिंक आत जिरवला आणि आतल्या बाजूने स्प्रूस या लाकडाच्या नखाएवढ्या तीन चकत्या रेघांना आडव्या चिकटवल्या. त्यानंतर चार उन्हाळे गेले. केस आता आतल्या खोलीत धान्याच्या कोठीशेजारी असते, आणि मापकावरची “पाच कमी” ही चिठ्ठी दर मार्चमध्ये नवी लावावी लागते, कारण जुनीचा डिंक सुकून ती गळून पडते.